1993 नंतर एकदाही जिंकले नाहीत, तरी माँट्रियल कॅनेडियन्सचा एवढा दबदबा का?

तुमचा प्रश्न असा की, कॅनडातल्या ज्या संघाने 1993 पासून स्टॅनले कप (म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या आइस हॉकी लीगचं विजेतेपद) उचललेला नाही त्याचं नाव आइस हॉकीवाले अजून एवढ्या आदराने का घेतात. 24 कप, म्हणजे इतर कुठल्याही संघापेक्षा जास्त, हे उत्तर तुम्हाला कुणीही देईल. मला ते अर्धंच वाटतं. त्यातले 10 कप एनएचएलमध्ये जेमतेम सहा संघ होते त्या काळातले आहेत, त्यामुळे नुसती बेरीज मांडली तर वादाला भरपूर जागा उरते. मी हे सामने बरीच वर्षं पहाटे उठून बघतोय (घरचे वेड्यात काढतात, काढू देत). माझ्या मते या संघाचं वजन कपांपेक्षा त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या लोकांत आहे.

संघ स्थापन झाला 4 डिसेंबर 1909 रोजी, माँट्रियलच्या फ्रेंच भाषकांचा संघ म्हणून. गंमत म्हणजे तो काढला अँब्रोज ओब्रायन या ऑन्टारियोतल्या धनाढ्य घरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने. त्याच्या रेनफ्रू गावच्या संघाला बड्या क्लबांनी दारात उभं केलं नव्हतं, म्हणून त्याने इतरांना सोबत घेऊन नवी लीग काढली आणि फ्रेंच प्रेक्षक यावा म्हणून तिच्यात हा संघ घातला. सरळ धंद्याचा हिशोब होता. अस्मिता मागाहून आली.

ती कशी आली हे समजून घ्यायला या संघाचा एक खेळाडू, मॉरिस रिशार, पुरे. 1944-45 च्या हंगामात 50 सामन्यांत 50 गोल. पण आकडे बाजूला ठेवा. तेव्हाच्या माँट्रियलमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, आणि बँका, कारखाने, वरच्या खुर्च्या बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात. अशा शहरात आपल्यातलाच एक, कामगाराचा मुलगा, समोरच्याला अंगावर घेत गोल करतो म्हटल्यावर काय होणार?

13 मार्च 1955 ला बॉस्टनमध्ये हॅल लेको या खेळाडूची स्टिक रिशारच्या डोक्याला लागली. रक्त आलं. रिशारने त्याला स्टिकने झोडपलं आणि अडवायला आलेल्या पंचालाही ठोसा मारला. शिक्षा व्हायलाच हवी होती, त्यात मला काही गैर वाटत नाही. पण लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी उरलेला हंगाम आणि कप ठरवणारे प्लेऑफ सामने, दोन्हींतून त्याला बाहेर काढलं. वर 17 मार्चला डेट्रॉइटविरुद्धचा सामना बघायला हे गृहस्थ स्वतः फोरममध्ये, म्हणजे कॅनेडियन्सच्या घरच्या स्टेडियममध्ये हजर! अंडी, टोमॅटो, हाताला येईल ते त्यांच्या अंगावर पडलं. पहिल्या सत्रानंतर डेट्रॉइट 4-1 ने पुढे असताना अश्रुधुराचं नळकांडं फुटलं, स्टेडियम रिकामं करावं लागलं आणि सामना डेट्रॉइटला बहाल झाला. बाहेर सेंट कॅथरिन स्ट्रीटवर रात्री उशिरापर्यंत दुकानांच्या काचा फुटत होत्या. दुसऱ्या दिवशी रिशारने रेडिओवरून लोकांना शांत राहायला सांगितलं: शिक्षा भोगेन, पुढच्या वर्षी परत येऊन कप जिंकायला हातभार लावेन. माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये 1960 नंतर जे मोठे बदल झाले त्यांची ठिणगी ही, असंही म्हटलं जातं. मला ते जरा ताणल्यासारखं वाटतं, पण राग फक्त हॉकीचा नव्हता हे नक्की.

आणि रिशारने शब्द पाळला. 1956 ते 1960, सलग पाच कप! त्या संघाची दहशत एका नियमात अजून शिल्लक आहे. पूर्वी खेळाडूला दोन मिनिटांची शिक्षा झाली की समोरच्यांनी कितीही गोल केले तरी पूर्ण दोन मिनिटं बाहेर बसावं लागे आणि त्याचा संघ तेवढा वेळ एक माणूस कमी घेऊन खेळे. नोव्हेंबर 1955 मध्ये बॉस्टनची माणसं अशीच बाहेर बसलेली असताना कॅनेडियन्सच्या जाँ बेलिव्होने 44 सेकंदांत तीन गोल ठोकले. पुढच्या हंगामापासून नियम बदलला आणि एक गोल झाला की शिक्षा संपू लागली. याच संघाचा गोलरक्षक जाक प्लांट 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये चेंडूऐवजी जी रबरी चकती असते, ती तोंडावर बसल्यावर टाके घालून आला आणि म्हणाला, मास्क घालू देणार असाल तरच उतरतो. प्रशिक्षक टो ब्लेक यांना मास्क मुळीच मंजूर नव्हता. पण दुसरा गोलरक्षक होता कुठे? सामना जिंकले, मास्क टिकला.

सत्तरच्या दशकातला प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांचा कॅनेडियन्स संघ खेळ म्हणून याहून सरस होता, असं माझं मत. 1976-77 मध्ये 80 सामन्यांत फक्त 8 हार. पण त्याच्यावर लिहिण्यासारखं कमी आहे. सतत जिंकणाऱ्यांची गोष्ट फार रंगत नाही.

1993 नंतरचा दुष्काळ खरा आहे. 2021 मध्ये अंतिम फेरी गाठली आणि टॅम्पा बेकडून चार सामने विरुद्ध एक असे हरले. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला 2011 च्या डिसेंबरात जास्त सापडतं. तेव्हा रँडी कनीवर्थ यांना हंगामी प्रशिक्षक नेमलं आणि त्यांना फ्रेंच येत नव्हतं. संघ हरत होता ते राहिलं बाजूला, लोक भाषेसाठी फोरमच्या जागी आलेल्या बेल सेंटरबाहेर निदर्शनं करायला उभे राहिले. कायमचा प्रशिक्षक दोन्ही भाषा बोलणाराच असेल, हे मालक जेफ मोल्सन यांना जाहीर करावं लागलं. दुसऱ्या कुठल्या एनएचएल संघावर ही वेळ येईल असं मला तरी वाटत नाही.