कच्चं कास्टिंगही यादीत असतं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीमालकांचं पत्र आहे. युरोपातल्या ग्राहकासाठी ओतलेल्या हाउसिंगची (यंत्रभागाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाची) दुसरी खेप न्हावा शेवाला अडली आणि कस्टम्सची कारणे दाखवा नोटीस आली. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही शस्त्रं बनवत नाही, ओतकाम करतो. मशिनिंग तिकडे होतं. आणि भारताने शस्त्रव्यापार करारावर सही केलेलीच नाही. या धर्तीची पत्रं पुण्याहून, इचलकरंजीहूनही येतात.

कराराचं खरं आहे. २ एप्रिल २०१३ ला संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. पण तुम्हाला करार अडवतच नाही, आपलाच कायदा अडवतो. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार गटात, म्हणजे शस्त्रं आणि संवेदनशील तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटात, गेला. त्या गटाची शस्त्रयादी आपल्या स्कोमेट यादीच्या, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात करता न येणाऱ्या मालाच्या सरकारी यादीच्या, सहाव्या वर्गात जवळपास तशीच आहे, आणि त्या मालाच्या निर्यातीचा परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो.

तुमचं प्रकरण त्या वर्गातल्या एकाच नोंदीवर ठरेल: ६ए०१६. लष्करी वाहनं आणि इतर काही शस्त्रांसाठी खास रचलेली फोर्जिंग (ठोकून घडवलेले भाग), कास्टिंग आणि अर्धवट तयार माल तिच्यात येतो. धातू, आकार किंवा काम यांवरून तो माल ओळखू आला की पुरे. त्यामुळे ‘मशिनिंग तिकडे होतं’ हा बचाव तिथेच संपतो. उरतो एकच शब्दप्रयोग, ‘खास रचलेलं’. तुम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात वाहन सैन्याचं असल्याचं स्वच्छ लिहिलंय. दोन खेपा ओतल्या, तो कोपरा एकदाही वाचला नाहीत? शिपिंग बिलावरची सही तुमच्या फर्मची आहे, सीएचएची (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटची) नव्हे.

तेच हाउसिंग एखाद्या बुलडोझरला किंवा एक्स्कॅव्हेटरला बसत असेल आणि तशी विक्री झाली असेल, तर ती बिलं, पॅटर्नच्या (साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्याच्या) नोंदी, ग्राहकाशी झालेला सगळा पत्रव्यवहार आजच काढा. तसं काही नसेल, तर भर दंड कमी करून घेण्यावर द्यावा लागेल. विदेश व्यापार कायद्यात दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात किती होईल, खटला भरतील का, हे कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही. पहिली खेप निघून गेली आहे. ती स्वतःहून कळवायची का आणि कशी, हेही वकिलासमोर बसूनच ठरवा.

नोटीस येऊन सात आठवडे झाले आणि उत्तर गेलेलं नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. मुदत संपली असेल तरी आजच वाढ मागा, लेखी उत्तर द्या, प्रत्यक्ष सुनावणी मागा. थेट हायकोर्टात रिट टाकायचा विचार सोडा. कोर्ट बहुधा आधी नोटिशीला उत्तर द्या म्हणेल, आणि ते ऐकायला महिने जातील. तोवर कंटेनरचं भाडं चढत राहील.

पत्राच्या शेवटी लिहिलंय, की ती ओळ वगळून नवं ड्रॉइंग पाठवायला ग्राहक तयार आहे. ते घेऊ नका, मागवूही नका. कस्टम्सपुढे खोटा कागद ठेवलात तर कलम ११४एए खाली पाचपटीपर्यंतचा वेगळा दंड आहे, आणि आज जी चूक म्हणून मांडता येते तिला कुणी चूक म्हणणार नाही. मूळ ड्रॉइंग ज्या ईमेलमधून आलं, तो ईमेल जसाच्या तसा जपून ठेवा.