जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा कोल्हापूरला किती धोका?

जैतापूरला अणुभट्ट्या झाल्या तर कोल्हापुरात लहान बाळ घेऊन राहणं सुरक्षित आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आहे, बिनधास्त राहा. मी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमध्ये कास्टिंगची रेडिओग्राफी करतो. इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूचा सोर्स, म्हणजे किरण सोडणारा छोटा बंद तुकडा, लावून लोखंडाच्या आत पोकळी किंवा भेग राहिलीय का, ते फिल्मवर बघायचं. छातीवर टीएलडी बॅज असतो, म्हणजे अंगावर किती किरणोत्सार पडला ते नोंदणारा बिल्ला, आणि हातात सर्व्हे मीटर, म्हणजे आसपासचा किरणोत्सार मोजणारं यंत्र. किरणोत्साराशी माझा संबंध रोजचा आहे आणि घरी मुलंही आहेत, त्यामुळे तुमची काळजी मला परकी नाही.

जैतापूर आपल्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. तिथं अजून एकही अणुभट्टी उभी राहिलेली नाही. पण कारवारजवळ काळी नदीकाठी कैगाचं केंद्र २००० सालापासून वीज देतंय, तेही आपल्यापासून साधारण २०० किलोमीटरवर. तिथली एक अणुभट्टी २०१८च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालली. कोल्हापुरात त्याची कधी चर्चाही झाली नाही. जमीन, आकाश आणि अन्न यांतून जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला किरणोत्सार मोजायचं एकक) किरणोत्सार मिळतोच. अणुवीज केंद्रामुळे शेजारच्या नागरिकाच्या वाट्याला त्यावर वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त येता कामा नये, असा नियम आहे.

चेर्नोबिलचा अणुभट्टीचा अपघात मात्र कुणी हलक्यात घेऊ नये. १९८६ साली तिथल्या अणुभट्टीभोवती आजच्यासारखं भक्कम काँक्रीटचं कवच नव्हतं, आणि सरकारने लोकांना वेळेवर सांगितलं नाही. आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईंनी ते गवत खाल्लं, दूध मुलांच्या पोटात गेलं. पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. थोडे आठवडे ते दूध थांबवलं असतं, तर यातले बरेच आजार टळले असते. म्हणून आपल्यासारख्या दुधाच्या जिल्ह्याने प्रशासनाला नेमकं हे विचारावं : अपघात झालाच तर दूध कोण तपासणार, किती तासांत, आणि आकडे लोकांना कुठे दिसणार?

जपानच्या फुकुशिमात २०११ साली अणुवीज केंद्राला अपघात झाला, तेव्हा उलटं घडलं. किरणोत्सारापेक्षा पळापळीनेच जास्त माणसं गेली. रुग्णालयांतल्या आणि वृद्धाश्रमांतल्या म्हाताऱ्यांना घाईघाईने हलवलं. औषधं तुटली, थंडी, हाल. त्या एका प्रांतात अशा कारणांनी २,००० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. भीतीचीही किंमत मोजावी लागते, हे मी सोबतच्या पोरांना नेहमी सांगतो.

जिथं हा जैतापूरचा प्रकल्प व्हायचाय, त्या माडबनच्या लोकांचा जमिनीचा आणि मासेमारीचा प्रश्न वेगळा आहे आणि रास्त आहे. मिलिसिव्हर्टचे आकडे दाखवून तो सुटत नाही.

मला स्वतःला खरी धास्ती वाटते ती भंगाराची. अणुवीज केंद्रात प्रत्येक सोर्सचा हिशेब असतो, भंगारात नसतो. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली एका विद्यापीठाचं जुनं यंत्र लिलावातून भंगारवाल्यांकडे गेलं. त्यांनी ते तोडलं. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू होता. एक कामगार दगावला, बाकीचे भाजून निघाले. आणि आपल्याकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या भट्ट्यांत रोज गाड्या भरून स्क्रॅप ओतलं जातं. त्यामुळे आकाराच्या मानाने फार जड असा एखादा डबा कुठे दिसला, त्यावर पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं चिन्ह असेल, तर तो उघडू नका, हात लावू नका. लांब व्हा, इतरांनाही लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा. घरचं कुणी फाउंड्रीत असेल, तर स्क्रॅप भट्टीत जाण्याआधी त्यावर सर्व्हे मीटर फिरवतात का, हे त्यांना आजच विचारा.