ओठ जुळले, गळा नाही जुळला

प्रश्न : काका, आम्ही चौघं मिळून पुच्चीनीच्या ‘तोस्का’ या इटालियन ऑपेरावरून मराठीत अर्ध्या तासाची फिल्म करतोय. गाणी आधी रेकॉर्ड केली, दुसऱ्या अंकातलं तोस्काचं गाणं आमच्याच माडीवर शूट केलं. पोरगी ओठ बरोबर हलवते, तरी सगळं खोटं वाटतं. गाणी काढून नुसते संवाद ठेवू का? क्लिप सोबत पाठवलीय.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : गाणी काढलीस तर उरेल काय? एक खून आणि एक उडी.

मी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. रिळावर आवाज चित्राच्या वीसेक फ्रेम पुढे छापलेला असायचा. मशिनीतला लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, जरा मोठा राहिला की ओठ पुढे, आवाज मागे, आणि खालून ओरडा, ‘ऑपरेटर झोपला काय रे!’ त्यामुळे ओठांवर माझी नजर पक्की. तुझ्या क्लिपमध्ये ओठ चोख आहेत की. पण वरच्या सुराला मानेची शीर ताणत नाही, ओळ सुरू होण्याआधी छाती भरत नाही. नाटकात मागच्या रांगेला हे कळलं नसतं. तू कॅमेरा हनुवटीखाली नेलास, आता लपणार कुठं?

उसन्या आवाजाचं काही वाईट नाही. १९५३च्या ‘आयदा’ या ऑपेरा-फिल्ममध्ये पडद्यावर सोफिया लॉरेन आहे आणि गळा रेनाता तेबाल्दीचा. पण १९९२ साली रोममध्ये ‘तोस्का’ कथेतल्याच जागांवर, कथेतल्याच वेळांना टीव्हीसाठी थेट केला, तो मिळाला तर बघ. आपले झुबिन मेहता वाद्यवृंद घेऊन वेगळ्या ठिकाणी, गाणारे भलतीकडे, आणि तरी गाणं तिथल्या तिथं. नायक गाणाऱ्या प्लासिदो दोमिंगोचा श्वास दिसतो त्यात.

तुला तेवढं नको. ट्रॅक मोठ्यानं लाव आणि तिला खरंच गायला लाव, पूर्ण गळ्यानं. बेसूर झाली तर होऊ दे, तो आवाज वापरायचाच नाहीये. मधला एखादा शॉट स्कार्पियावर, तिला छळणाऱ्या त्या पोलीसप्रमुखावर ठेव. ती गाते तेव्हा तो काय करतो, हे तुझ्या क्लिपमध्ये कुठंच नाही.

आणि खुनानंतरचा भाग कापू नकोस हं. तोस्का बोटं पुसते, तिनंच मारलेल्या स्कार्पियाच्या मुठीतून रोमबाहेर जायचा परवाना ओढून घेते, दोन मेणबत्त्या त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवते, छातीवर क्रूस ठेवते. गाणं जवळजवळ नाहीच, नुसता वाद्यवृंद. पुच्चीनीनं १९०० साली सिनेमाच लिहून ठेवलाय तिथं. मेणबत्ती ठेवताना तिचा हात जवळून घे.

तोस्काची शेवटची उडी किल्ल्यावर घेणार असशील तर आधी परवानगी काढ, आणि उडी दाखवू नकोस, रिकामा कठडा पुरे. माडीवरच्या गाण्याआधी मात्र शेजाऱ्यांना सांगून ठेव. पोरगी खऱ्या गळ्यानं ओरडायला लागली की अर्धी गल्ली धावत येईल.