‘तो काही करत नाही’ म्हणू नकोस

बाळा,

तुझा मेसेज वाचला. कृषीनगर जॉगिंग ट्रॅकच्या बाहेर तुझ्या लॅब्रडॉरने त्या आजोबांच्या अंगावर उडी घेतली, आता आई म्हणते कुणाला तरी देऊन टाक, बाबा म्हणतात महिनाभर ट्रेनरकडे ठेव. दोन्ही नको.

त्या वेळी तू काय म्हणालास? ‘काका, तो काही करत नाही.’ माझा राग आहे तो या वाक्यावर. पंचवीस किलोचं धूड अंगावर आलं, तर म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला चावावं लागत नाही. उद्या त्यांच्या घरी जाऊन माफी माग, एकटा. कुत्रा तुझा, तर शिकवायचं तूच.

ट्रेनर वाईट नसतो, पण महिन्याने परत येईल तो ट्रेनरचं ऐकणारा कुत्रा. तुमच्या घरात आई ‘बैस’ म्हणते, बाबा ‘सिट’, तू ‘खाली बस, खाली बस’ असं चारदा ओरडतोस, आणि तो बिचारा शेपटी हलवत तिघांच्या तोंडाकडे बघतो. मी पाहिलंय. आधी शब्द एक ठरवा आणि एकदाच म्हणा.

उडी मारली की ओरडू, ढकलू नकोस. त्याला तो खेळच वाटतो. पाठ फिरव. चारही पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी खाऊ दे. घरी पोचल्यावर दिलास तर कशाबद्दल मिळाला, हे त्याला कळत नाही. पट्टा ताणला की जागच्या जागी थांब, सैल झाला की चाल. सुरुवातीला गेटपासून कोपऱ्यापर्यंत जाताना जीव नकोसा होईल, लोक हसतील. हसू देत. शिकवायचं तूच.

मला सोसायटीत खडूस म्हणतात, ठाऊक आहे. माझ्या कुत्रीला परस्पर बिस्किट देऊ देत नाही, लिफ्टमध्ये कुणी घाबरलं तर तिला घेऊन जिन्याने उतरते. जाऊबाईंनी तर याचपायी येणं सोडलं. जेवताना त्यांनी तिच्यापुढे पोळी धरली, मी त्यांचा हात धरला. चार लोकांत धरला, ते त्यांना लागलं. आता सणाला फोन तेवढा येतो. वाईट वाटतं रे. पण पोळी देऊन त्या गेल्या असत्या, पुढे पाहुण्यांच्या ताटात तोंड घातल्यावर निस्तरायचं कुणी? आजही हात धरेनच.

आणि कायदाही वाचून ठेव. भारतीय न्याय संहितेचं कलम 291: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा कुत्र्याला नाही, तुला.

रविवारी सकाळी सहाला खाली ये, नंतर गंगापूर रोडला गर्दी होते. आईबाबांनाही आण. खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे ठेव आणि तो लांबलचक गुंडाळीचा पट्टा घरीच राहू दे.

तुझी काकू