वाचकांचे प्रश्न : आधी मार्ग ठरवा, मग व्हिसा

प्रश्न : येत्या मे महिन्यात मी, माझे पती, नऊ वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघे युरोपला जाणार आहोत. मुंबईहून पॅरिस (3 रात्री), तिथून रेल्वेने लंडन (4 रात्री), मग विमानाने झुरिक गाठून स्वित्झर्लंड (5 रात्री) आणि शेवटी फ्लोरेन्स व रोम (5 रात्री) असा बेत आहे. शेंगेन व्हिसा सगळीकडे चालतो असे ऐकले आहे. तो कोणत्या देशाकडे मागावा? लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतोच. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आज 29 देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय महासंघात नसूनही त्यात आहे, ब्रिटन आणि आयर्लंड मात्र नाहीत. त्यामुळे आपल्याला दोन स्वतंत्र व्हिसा काढावे लागतील. परंतु त्याहून महत्त्वाची अडचण आपल्या मार्गातच दडलेली आहे, म्हणून अर्ज भरण्याआधी तिच्याकडे पाहू.

आपण पॅरिसला उतरलात की शेंगेनमध्ये एकदा प्रवेश झाला. पॅरिसहून लंडनच्या गाडीत बसण्याआधी तिथल्या स्थानकावरच फ्रान्समधून बाहेर पडल्याची नोंद होते. पुढे झुरिकला उतरताना तो दुसरा प्रवेश ठरतो. व्हिसाच्या स्टिकरवर किती वेळा प्रवेश करता येईल याचा एक रकाना असतो आणि त्यात 01, 02 किंवा अनेक प्रवेशांसाठी इंग्रजीत ‘मल्ट’ असे छापलेले असते. तिथे 01 असेल, तर लंडनला गेल्यावर तो व्हिसा संपला, मग त्यावरची तारीख कितीही पुढची असो.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण ते मी स्वतः भोगले आहे. माझ्या पहिल्या युरोपवारीचा मार्ग एका प्रवास व्यावसायिकाने आखून दिला होता आणि त्यातही लंडन असेच मधोमध होते. लंडनच्या हॉटेलात रात्री सहज पासपोर्ट चाळताना पत्नीने विचारले, “हे 01 कशाचे?” आमचे उरलेले सहा दिवस इटलीचे होते, हॉटेलांचे पैसे भरलेले होते, आणि आम्हाला तिथूनच मुंबईला परतावे लागले. वर्षानुवर्षे पै-पै साठवून निघालेल्या माणसावर ही वेळ येऊ नये.

दोन प्रवेशांचा व्हिसा मागता येतो, पण मागितला म्हणून मिळतोच असे नाही. त्यापेक्षा मार्ग सरळ करावा : मुंबईहून थेट लंडन, तिथून रेल्वेने पॅरिस, पॅरिसहून जलद गाडीने सुमारे चार तासांत झुरिक, पुढे रेल्वेनेच मिलानमार्गे फ्लोरेन्स व रोम, आणि रोमहून परत. एकही शहर गळत नाही, लंडन-झुरिक विमानाचे भाडे वाचते आणि शेंगेनमध्ये प्रवेश एकदाच होतो. तो प्रवेश लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर होईल, कारण फ्रान्सचे सीमा अधिकारी तिथेच तपासणी करतात.

आता अर्ज कुणाकडे करायचा ते पाहू. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज करावा असा नियम आहे; मुख्य देश ठरवता येत नसेल, तर शेंगेनची सीमा प्रथम जिथे ओलांडणार त्या देशाकडे. आपल्या बेतात स्वित्झर्लंड आणि इटली दोन्हीकडे पाच-पाच रात्री आहेत आणि पहिला प्रवेश फ्रान्सचा आहे, म्हणजे निष्कारण गोंधळ. स्वित्झर्लंडची एक रात्र कमी करून इटलीत सहा रात्री करा आणि अर्ज निःशंकपणे इटलीकडे द्या. आपल्याकडे पुष्कळ लोक ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते तिथे अर्ज करतात आणि त्यासाठी हॉटेलांची खोटी आरक्षणे जोडतात. हे करू नका. एकदा नकार मिळाला की पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचे उत्तर द्यावे लागते.

दोन व्हिसांपैकी शेंगेनचा आधी काढा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. ब्रिटनचा अर्ज मात्र प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. पासपोर्ट एकच असल्यामुळे तो एका वेळी एकाच ठिकाणी ठेवता येतो, हेही ध्यानात घ्या. डिसेंबर-जानेवारीत इटलीचे काम उरकले, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रिटनचा अर्ज शांतपणे होईल. शेंगेनचा निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत होत असला, तरी चौकशी लांबल्यास पंचेचाळीस दिवसही लागू शकतात, आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. परत न मिळणारी तिकिटे दोन्ही व्हिसा हातात येईपर्यंत काढू नयेत.

शेंगेनचे शुल्क जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो आणि सहा ते बारा वर्षांखालील मुलांना 45 युरो आहे. म्हणजे आपल्याला एकूण 315 युरो भरावे लागतील, आणि अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्याखेरीज असेल. हे केंद्र केवळ कागद आणि बोटांचे ठसे घेते, निर्णय वकिलातच करते. तेव्हा “व्हिसाची हमी” देणाऱ्या कुणालाही जादा पैसे देऊ नका. मुलगा बारा वर्षांखालचा असल्याने त्याचे ठसे घेतले जाणार नाहीत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि नेमका तोच पाहायचा राहून जातो.

प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांना लागू असणारा लागतो. सासूबाईंना रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर सर्वांत स्वस्त पॉलिसी घेऊन अर्जापुरते काम भागवू नका. जुन्या आजारांबद्दल तिच्यात काय लिहिले आहे ते वाचून पाहा आणि लंडनचे दिवसही त्याच विम्यात घ्या. बँकेच्या खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी दोन लाख आणून भरणे हेही टाळा. वकिलातीला शिलकीचा आकडा पाहायचा असतोच, पण पैसे महिनोन्महिने कसे येतात-जातात हेही पाहायचे असते. मोठी रक्कम खरोखरच आली असेल, मुदत ठेव मोडली असेल किंवा जमीन विकली असेल, तर त्याचा कागद जोडा आणि सोबतच्या पत्रात एका वाक्यात खुलासा करा.

स्टिकर हाती आल्यावर आणखी एक रकाना पाहा. व्हिसा 5 मे ते 5 जून असा दिसला, तरी मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात आणि राहता येते तेवढेच दिवस. लंडन वगळता आपल्या तेरा रात्रींचे दिवस चौदा होतात, कारण येण्याचा आणि जाण्याचा दिवसही मोजला जातो. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमांवर ये-जा संगणकावर नोंदवण्याची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे एक दिवस जास्त राहिलेलेही लक्षात येते.

प्रश्न : आम्ही दोघे डिसेंबरात व्हिएतनामला जाणार आहोत. हो ची मिन्ह शहरातून तीन दिवस कंबोडियाला अंगकोर वाट पाहून हनोईला परतायचे आहे. ई-व्हिसा पुरेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पुरेल, पण तो अनेक प्रवेशांचा घ्या. ऑगस्ट 2023 पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांपर्यंत मिळतो. एका प्रवेशाला 25 डॉलर आणि अनेक प्रवेशांना 50 डॉलर लागतात. अर्जातला फरक एका खुणेचा आहे, पण तेवढे 25 डॉलर वाचवले, तर कंबोडियाहून हनोईच्या विमानात बसता येणार नाही. कंबोडियाचा व्हिसा अर्थातच निराळा काढावा लागेल, त्याचीही ऑनलाइन सोय आहे.

प्रश्न : माझ्या पासपोर्टवर माहेरचे नाव आहे. प्रवासापूर्वी ते बदलून घ्यावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घाईने बदलण्याची गरज नाही. व्हिसाचा अर्ज, विमानाचे तिकीट आणि विमा या तिन्हींवर पासपोर्टवरचेच नाव अक्षरशः तसेच असावे आणि अर्जासोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडावा; तो केवळ मराठीत असेल, तर इंग्रजी अनुवादही द्यावा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव एकाच रकान्यात असते. तिकिटात ते मधले नाव गाळू नका. पतीने हौसेने सासरच्या आडनावाने तिकीट काढले असेल, तर विमान कंपनीला कळवून ते आजच दुरुस्त करून घ्या.