घोरण्यावर ऑपरेशन: आधी घसा मिटतो कुठे ते पाहू

प्रश्न: माझे पती ४८ वर्षांचे आहेत. घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो, मग दचकून श्वास घेतात. नाकाचं हाड वाकडं आहे. ते सरळ केलं की घोरणं थांबेल का?

उत्तर: ताई, मला नाकापेक्षा त्या मध्येच पडणाऱ्या शांततेची काळजी वाटते. तेव्हा छाती-पोट हलत असतं, पण घसा मिटल्यामुळे हवा आत जात नाही. हा स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार असू शकतो, म्हणून आधी स्लीप स्टडी करून घ्या. झोपेत तासाला श्वास किती वेळा अडतो, ते त्यात मोजतात: ५ ते १५ सौम्य, ३० किंवा जास्त म्हणजे तीव्र. तीव्र असेल तर पहिला उपाय सीपॅप मशिनचा: ते मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवतं. नुसत्या नाकाच्या ऑपरेशनने घोरणं क्वचितच थांबतं. मात्र नाक मोकळं झालं की मास्क सोसवतो. येताना मोबाइलवर त्यांच्या झोपेचा व्हिडिओ काढून आणा. पेशंट स्वतः हे कधीच सांगू शकत नाही!

प्रश्न: मशिन सहन होत नाही. पडजीभ कापून टाकली तर? लेझरने अर्ध्या तासात होतं म्हणे.

उत्तर: घाई करू नका. सौम्य भूल देऊन, झोपेत दुर्बिणीने घसा पाहतात. टाळू मिटत असेल तर टाळूचं ऑपरेशन उपयोगी. जिभेचं मूळ मागे पडत असेल तर पडजीभ कापून काय होणार? टाळू-पडजिभेचं हे ऑपरेशन १९८१ पासून रूढ झालं. तेव्हा बरंच कापत, काहींना पाणी पिताना ते नाकातून येई. आता शक्य तितकं राखून, स्नायू बाजूला ताणून शिवण्याकडे कल आहे. तरी दहा-पंधरा दिवस गिळताना कानापर्यंत कळ जाते. ॲप्निया असेल तर लेझरच्या वाटेला जाऊ नका: व्रण आकसून घसा उलट अरुंद होऊ शकतो. आणि वजन वाढलं, तर घोरणं परत येतं.

प्रश्न: सहा वर्षांचा मुलगा तोंड उघडं ठेवून, मान मागे टाकून घोरतो. मोठा झाला की जाईल का?

उत्तर: रोज घोरत असेल तर वाट पाहू नका. या वयात बहुधा टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेले असतात. ते काढल्यावर बहुतेक मुलं शांत झोपू लागतात. घरी आल्यावर घशात पांढरा थर दिसेल, तो पू नसतो. पण आठवडाभराने का होईना, तोंडातून ताजं रक्त आलं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.