साथ नसते तेव्हा साथरोगतज्ज्ञ काय करतात?

धाराशिव जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मुलगी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली. इंटर्नशिप संपत आली, पुढं बॉण्डचं वर्ष. मेडिसिनला किंवा गायनॅकला नंबर लागावा म्हणून आम्ही देव पाण्यात ठेवून बसलोय आणि ती म्हणते, मला साथरोगशास्त्रात संशोधन करायचंय, तेही आफ्रिकेत. कॉलेजात एका बाईंचं व्याख्यान झालं. त्या तिकडं संसर्गजन्य आणि दीर्घकालीन अशा दोन्ही आजारांवर काम करतात म्हणे. सर, साथ आली की या लोकांना विचारतात, ते करोनात पाहिलं. पण साथ नसते तेव्हा ही माणसं काय करतात? पोट कशावर भरतं? शिवाय तिकडं एबोला. आणि एवढं शिकून तिनं घरोघरी फिरून सर्व्हेच करायचा का? ते तर मी बारावी शिकून करतेच आहे."

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. तुम्ही ते तक्रारीच्या सुरात लिहिलंय. पण गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन दर महिन्याला घ्यायचं, दंडघेर मोजायचा, जन्म आणि मृत्यू लिहायचे, कोण माहेरी गेलं, कोण ऊसतोडीला गेलं याची नोंद ठेवायची, हे काम तुमच्या मुलीनं लहानपणापासून पाहिलंय. साथरोगशास्त्राचा पाया हाच. तिच्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं असं तुम्हाला वाटत असेल, तर मला ते तुमच्या घरातूनच आलेलं दिसतं.

घोटाळा आपल्या शब्दामुळं झालाय. 'साथरोगशास्त्र' म्हटलं की साथच डोळ्यांपुढं येते. प्रत्यक्षात कोणता आजार कुणाला होतो, कुणाला होत नाही आणि का, हे माणसं मोजून शोधायचं शास्त्र आहे ते. आजार कॉलरा असो, रक्तदाब असो की कॅन्सर. आणि आफ्रिकेत तर संसर्गाचे आजार आणि वर्षानुवर्षांचे आजार एकाच घरात, कित्येकदा एकाच शरीरात भेटतात.

गाम्बियाचं उदाहरण घ्या. पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला देश. तिथं यकृताचा कॅन्सर ऐन उमेदीतल्या पुरुषांना न्यायचा. कारणं दोन ठळक: बाळपणीच झालेली हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूची लागण, आणि दमट साठवणुकीत शेंगदाण्यावर धरणारी बुरशी, तिचं विष. १९८६ मध्ये तिथं नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात झाली. सगळ्या देशात एकदम नाही. एकेक भाग जोडत चार वर्षांत देश पूर्ण केला, म्हणजे लस मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची पुढं तुलना करता येईल. त्याच वेळी देशभरातल्या कॅन्सर रुग्णांची नोंदवही उघडली. आता विचार करा, हा कॅन्सर होतो तिशी-चाळिशीत. ज्यांनी १९८६ साली बाळांना टोचलं, त्यांना पक्कं उत्तर मिळायला तीस-तीस वर्षं थांबणं भाग होतं. मधल्या काळात मुलांमध्ये विषाणू कायमचा मुक्काम ठोकण्याचं प्रमाण फार खाली आलं, तेवढा दिलासा. साथ नसते तेव्हा ही माणसं काय करतात, याचं एक उत्तर हे आहे. ती वाट पाहतात आणि वाट पाहताना नोंद चुकू देत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांताच्या ग्रामीण भागात २०१८ ते २०२० या काळात 'वुकुझाझी' नावाचा अभ्यास झाला. गावोगावी तंबू टाकून १५ वर्षांवरच्या सतरा हजारांहून जास्त माणसांना एकाच फेरीत एचआयव्ही, टीबी, रक्तदाब आणि शुगरसाठी तपासलं. निघालं असं की एचआयव्ही असलेल्या बहुतेकांना आजार माहीत होता, गोळ्या चालू होत्या. रक्तदाब आणि शुगरच्या बहुतेक लोकांचा आजार मात्र आटोक्यात नव्हता आणि कितीतरी जणांना तो असल्याचा पत्ताच नव्हता. वर्षानुवर्षं पैसा आणि माणसं एचआयव्हीकडं लावली, त्याचं फळ मिळालं. शेजारचे आजार तसेच राहिले. हे एकाच आजाराचा तज्ज्ञ पाहत बसला असता तर कधीच दिसलं नसतं. म्हणून मुलीला कुणी 'एक काहीतरी धर, संसर्ग किंवा मधुमेह' असं सांगत असेल तर इतक्यात ऐकू नये. मधुमेह असलेल्याला टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, हे ती बॉण्डच्या वर्षात आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात बघेल.

आणखी एक गोष्ट तिला आवडेल. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एक जनुक बाळगणाऱ्यांना मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून तो जनुक आफ्रिकेत टिकला. पण त्याच लोकांमध्ये तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी, एचबीएवनसी, खरी पातळी आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकते. म्हणजे हजारो वर्षांच्या मलेरियाची सावली आजच्या मधुमेहाच्या रिपोर्टवर पडते. आपल्या गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये सिकलसेल आहेच. तिकडं शिकलेलं इकडं लागू पडतं ते असं.

आता जड बाजू. डर्बनला सलीम आणि क्वाराइशा अब्दुल करीम हे भारतीय वंशाचं, दक्षिण आफ्रिकेतच जन्मलेलं साथरोगतज्ज्ञ दांपत्य आहे. १९९० च्या सुमारास क्वाराइशांनी केलेल्या पाहणीत दिसलं की कोवळ्या मुलींना एचआयव्हीची लागण त्यांच्या वयाच्या मुलांच्या कितीतरी आधी होते. जोडीदार काही वापरायला तयार नसेल तर बाईच्या स्वतःच्या हातात काय देता येईल, या एका प्रश्नावर पुढची वीस वर्षं गेली. २०१० मध्ये ८८९ स्त्रियांवरच्या चाचणीत टेनोफोविर औषधाच्या जेलनं लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली. जगभर कौतुक झालं. पाच वर्षांनी त्याहून मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. बहुतेक मुलींना जेल नेमानं वापरणं जमलंच नव्हतं. मग २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत लेनाकापाविर हे सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन २,१३४ स्त्रियांना मिळालं आणि त्यांच्यात एकीलाही लागण झाली नाही. हे काम दुसऱ्या गटाचं. पण मुलींना रोजच्या रोज लक्षात ठेवावं लागणार नाही असं काहीतरी हवं, हे त्या अपयशानंच शिकवलं होतं.

मुलीला हे सांगताना २०१५ साल वगळू नका. 'तुझ्या वीस वर्षांच्या कामाचा निकाल पुढच्या चाचणीत टिकला नाही तर?' असं तिला सरळ विचारा. तिच्या उत्तरापेक्षा ती किती वेळ गप्प राहते, ते पाहा.

पोटाचं म्हणाल तर उपाशी राहत नाही कुणी. पण नोकऱ्या बहुतेक प्रकल्पाच्या, तीन ते पाच वर्षांच्या. अनुदान संपलं की नवा प्रस्ताव, नवी धावपळ. तिच्याबरोबरची गायनॅक झालेली मैत्रीण हॉस्पिटल बांधेल, तेव्हा ही कदाचित पुढच्या कराराची वाट पाहत असेल. हे लपवण्यात अर्थ नाही. मी स्वतः कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याची शाखा, घेतली तेव्हा नातेवाईक विचारायचे, 'दुसरी ब्रँच मिळाली नाही का?' तो प्रश्न अजून संपलेला नाही. तुम्हालाही गावात कुणीतरी विचारणार. आणि दिवसाचं काम म्हणजे जंगलातून जीप धावतेय असं नसतं. एकाच माणसाचं वय मागच्या फेरीत ४२ आणि या फेरीत ३९ कसं, हे शोधत कॉम्प्युटरसमोर संध्याकाळ होते. तिला त्यात गोडी वाटली पाहिजे.

एबोलाची भीती मला समजते. पण आफ्रिका म्हणजे चोपन्न देश. आणि २०१४ मध्ये एबोला नायजेरियातल्या लागोससारख्या अवाढव्य शहरात पोचला तेव्हा तो २० रुग्णांवर थांबला. सुमारे ९०० संपर्कातली माणसं शोधून त्यांच्या घरी साडेअठरा हजारांच्या आसपास भेटी दिल्या, म्हणून थांबला. घरोघरी फिरणं ते हेच, ताई.

रस्ता माझ्या मते असा. बॉण्डचं वर्ष वाया गेलं असं तिनं समजू नये. सरकारी आजार-नोंदीत डॉक्टरनं भरायचा 'पी' फॉर्म असतो. तो दुसऱ्यावर न सोपवता तिनं स्वतः भरावा आणि आकडा वाढला की त्या वस्तीवर जाऊन यावं. नंतर एमडी कम्युनिटी मेडिसिन. थेट परदेशी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, करणारे भेटतात, काही जण उत्तम काम करतात, पण मी तिला आधी इथली तीन वर्षं सांगेन. आकडेशास्त्र कच्चं वाटलं तर मुंबईत देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. आणि शिरूर तालुक्यात वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं काम तिनं पाहून यावंच. तिथं गावंच्या गावं वर्षानुवर्षं मोजली जातात. घाना, टांझानिया, केनिया आणि दक्षिण आफ्रिकेतली अशीच केंद्रं आणि वढू यांनी प्रौढांच्या आरोग्याचा अभ्यास एकाच पद्धतीनं मिळून केलेला आहे. आफ्रिकेची वाट आपल्याकडं शिरूर तालुक्यातून जाते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यापुढं पीएचडीसाठी जोहान्सबर्गचं विट्स विद्यापीठ किंवा लंडनचं स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन. दोन्ही मिळाली तर मी विट्स म्हणेन. ज्या लोकांचा प्रश्न आहे त्यांच्या विद्यापीठात, त्यांच्या हाताखाली शिकावं.

तिकडं नोकरी घेताना तिनं तीन गोष्टी विचाराव्यात. प्रकल्पाचा प्रमुख त्या देशातला आहे का? रक्ताचे नमुने कुठं ठेवणार? शोधनिबंधावर तिथल्या सहकाऱ्यांची नावं कुठं असणार? पूर्वी बाहेरून येऊन, नमुने गोळा करून परत जाण्याची रीत होती, ती अजून पुरती गेलेली नाही. तिनं त्या वाटेला जाऊ नये.

दिवाळीला ती घरी येईल तेव्हा तुमचं पाच वर्षांपूर्वीचं वजनाचं रजिस्टर काढा. त्यातली कमी वजनाची दहा मुलं निवडून द्या आणि ती आज कुठं आहेत, कशी आहेत, वजन किती, हे तिला घरोघरी जाऊन शोधायला सांगा. दोन ऊसतोडीला गेलेली असतील, एखादं मामाच्या गावी. चौथ्या-पाचव्या घरानंतर ती कंटाळून परत आली तर मेडिसिनचा फॉर्म भरा. अंधार पडेपर्यंत आली नाही, तर तुम्ही जेवून घ्या आणि तिचं ताट झाकून ठेवा. दहातली किती सापडली, ते मला कळवा.